विचारून सांगतां

गोव्यात पेडण्याजवळच्या कोरगावच्या शाळेत मी मास्तर म्हणून रुजू झालो, तेव्हा मला खोली मिळायला बराच उशीर झाला. खोली तर रिकामी होती. रस्त्याकडे उघडणारं मोठं जनेल होतं, विहीर अंगणातच होती, शाळा हाकेच्या अंतरावर होती. घरमालकांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं, गाव विचारलं, मी डिचोलीचा म्हटल्यावर मान डोलावली आणि म्हणाले, "विचारून सांगतां."

बायकोला विचारणार असतील असं मला वाटलं. त्यात काही गैर नव्हतं. पुढच्या सोमवारी गेलो तर म्हणाले, "अजून दिवंक ना."

"कोणी?"

"देवान."

मी तोवर एका दुकानदाराच्या माळ्यावर सुक्या मिरच्यांच्या पोत्यांशेजारी झोपत होतो आणि दिवसभर शिंकत होतो. देवाला माझ्याबद्दल एवढा काय विचार करायचा होता कोण जाणे. शेवटी एका सोमवारी ते स्वतःच शाळेत आले, खिडकीबाहेरून हात हलवला आणि वर्ग चालू असताना मोठ्यानं सांगितलं, "मास्तर, उजवी पडली! या रावपाक." सगळी मुलं हसली, आणि संध्याकाळी मी ट्रंक उचलून त्यांच्याकडे राहायला गेलो. त्या दिवसापासून गावात मला 'उजवी पडलेले मास्तर' म्हणत.

पेडण्याकडे हा कौल घेण्याचा प्रकार काही नवा नाही, आमच्याकडेही आहे. देवाच्या पाषाणावर फुलांच्या ओल्या पाकळ्या चिकटवतात, गुरव गाऱ्हाणं घालतो आणि सगळे बघत बसतात. उजवीकडची पाकळी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार, कोणतीच पडली नाही तर थांबायचं. पण लोक लग्नासाठी, घराच्या पायासाठी, भावाभावांतल्या वादासाठी देवाला त्रास देतात. आमचे घरमालक विहिरीचा रहाट बदलण्यासाठीही देत. त्यांचा देव डोंगरापलीकडच्या वाड्यावर होता. दर सोमवारी आठवड्याभराचे प्रश्न मनात साठवून ते आपली पिकप घेऊन तिकडे जात आणि गुरव बिचारा घसा बसेपर्यंत गाऱ्हाणी घालत राही.

घराच्या छपरावर एक माड वाकला होता. तो तोडायला देवानं परवानगी दिली नाही. मग नारळ पडायचे, कौलं फुटायची, आणि घरमालक माड तसाच ठेवून आपली खाट सरकवायचे. मी असेपर्यंत ती खाट निजायच्या खोलीतून निघून पार ओसरीवर आली होती.

गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी, हा वाद पेटला होता ते दिवस. एका बाजूचे लोक सह्या घ्यायला आले. मी मराठी शाळेचा मास्तर, त्यामुळे ते माझ्याकडे बघून आशेनं बसले. घरमालकांनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, "विचारून सांगतां." दुसऱ्या बाजूचेही आले. त्यांनाही चहा मिळाला आणि तेच उत्तर मिळालं. दोन्हीकडचे लोक संतापून गेले. मीही चिडलो. म्हटलं, "अहो, ह्यात देवाला काय विचारायचं? तुमचं स्वतःचं काही मत नाही?" त्यावर ते अगदी सरळ मनानं म्हणाले, "मास्तर, आमी उलयतांव एक, वाचतांव एक. माका कशें कळतलें?" बोलायची कोकणी, वाचायची मराठी. मी रिकामे कप उचलून आत नेऊन ठेवले.

घरमालक उंच, किंचित वाकलेले, बोलायला अतिशय हळू. दारातून आत येताना उंबऱ्यावर क्षणभर थांबायची त्यांना सवय होती. आत यावं की नाही हेही कोणी तरी सांगावं, अशी वाट बघत असल्यासारखे दिसत. गाव त्यांना हसत असे, पण वाईट कोणी बोलत नसे. गावात पिकप एकट्या त्यांची होती. काजूची बोंडं, नारळ, मंडपाचं सामान, दशावतारवाल्यांचे पेटारे, सगळं तिच्यातून जाई. गरिबाचं सामान असलं तर ते भाड्याचा विषयच काढत नसत.

त्यांच्या बायकोला मी काकी म्हणे. काकी ठेंगणी आणि जिभेनं तिखट. नवऱ्याच्या कौलाबद्दल तीच सर्वांत जास्त थट्टा करी. मला पाव वाढता वाढता म्हणायची, "मास्तर, म्हज्या लग्नाच्या वेळार सगळ्यांक विचारलें. देवाक विचारलें, भटाक विचारलें, म्हज्या मामाक विचारलें. माका कोणेंच विचारूंक ना." घरमालक हसून खाली बघत. एकदा ते बाहेर गेलेले असताना तिनंच मला सांगितलं की त्यांचा थोरला भाऊ तरुणपणी भांडून वास्कोला बंदरावर कामाला गेला, जाताना कौल घेतला नाही, आणि काही महिन्यांनी त्याचं प्रेतच घरी आलं. "तेन्ना सावन हे अशे," ती म्हणाली. तेव्हापासून देवाला न विचारता त्यांनी पाऊल उचललं नव्हतं. त्यानंतर मी तिच्याबरोबर हसायचो, पण पहिल्यासारखं मोकळेपणी हसू येत नसे.

काकीच्या पोटात दुखत होतं. ती कोणाला सांगत नव्हती. भांडी घासताना मध्येच भिंतीला टेकून डोळे मिटायची, आणि मी पाहिलं की म्हणायची, "म्हातारपण, आनीक कितें." शेवटी एकदा विहिरीपाशी खाली बसली ती उठेना. म्हापशाच्या डॉक्टरांनी तपासून गाठ आहे म्हणून सांगितलं आणि पणजीजवळच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथं ऑपरेशनचा दिवस ठरला. डॉक्टर स्वच्छ म्हणाले, गाठ वाढते आहे, हयगय करू नका. ऑपरेशनाचा कौल घरमालकांनी घेतला, आणि उजवी पडली. मला हायसं वाटलं. आता हे प्रकरण देवाच्या हातून सुटून माणसांच्या हाती आलं असं मी समजलो.

बसच्या धक्क्यांनी काकी कळवळायची. म्हणून पिकपच्या मागे गादी घालून तिला आडवी न्यायची असं ठरलं. आणि नेमकी तेव्हाच पिकप अडून बसायला लागली.

आधी वास आला. पेडण्याच्या उतारावर जळकट, डोळ्यांत चुरचुरणारा वास. मी शेजारी बसलो होतो. गाडी जड झाली, इंजीन कुंथायला लागलं. खाली उतरून पाहिलं तर मागची दोन्ही चाकं इतकी तापलेली की हात जवळ नेववेना. पुढची थंडगार. ब्रेकवरून पाय काढलेला होता, हँडब्रेक सोडलेला होता, तरी मागचे ब्रेक सुटत नव्हते. आम्ही काजूच्या झाडाखाली बसून राहिलो. तासाभरानं चाकं निवली आणि आपोआप मोकळी झाली. पुन्हा ब्रेक दाबला, पुन्हा धरली.

पेडण्याच्या बाजारामागे पत्र्याच्या शेडमध्ये गाड्या दुरुस्त करणारा बेळगावकडचा एक मेस्त्री होता. बोलण्यात फुशारकी भरपूर. "अर्ध्या तासात मोकळं करून देतो बघा. एक तर हँडब्रेकची केबल गंजलीया, नाय तर चाकातलं सिलेंडर धरतंय. दोन्हीतलं एक असतंयच."

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, दोन्ही खोलून बघ. आमच्या घरमालकांनी त्याचे ते शब्द तेवढे उचलले आणि पुढच्या सोमवारची वाट पाहिली. सोमवारी देवापुढे प्रश्न गेला: केबल असेल तर उजवी दे, सिलेंडर असेल तर डावी दे. उजवी पडली.

मेस्त्रीनं केबल काढली. खरंच गंजली होती, पण ती काढून बाजूला ठेवल्यावरही ब्रेक सुटेनात. मेस्त्री म्हणाला, "तर मग सिलेंडर. खोलू का?" घरमालक म्हणाले, "विचारून सांगतां." मेस्त्रीनं पाना जमिनीवर आपटला. माझ्याकडे बघून म्हणाला, "गुरुजी, तुम्ही शिकलेलं माणूस न्हवं? सांगा की ओ ह्यास्नी."

मी काय सांगणार? सांगून थकलो होतो. पेडण्यातून टॅक्सी आणू म्हटलं, तर टॅक्सीचा कौल घेतला गेला आणि डावी पडली. शाळेतल्या दुसऱ्या मास्तरांच्या मेव्हण्याची जीप होती, तिलाही नकार मिळाला. परक्या गाडीत देव तिला पाठवत नव्हता, आणि घरची गाडी चालत नव्हती. ह्या चक्रात ऑपरेशनचा दिवस येऊन गेला. त्या दिवशी काकी सकाळपासून न्हाऊन, लुगडं नेसून ओसरीवर बसली होती. दुपारी ती उठली, लुगडं बदललं आणि चुलीकडे गेली. मला इतका राग आला होता की मी घरमालकांशी बोललो नाही. ते पिकपच्या मागच्या चाकाला टेकून संध्याकाळपर्यंत बसून होते. त्यांना दुःख होत नव्हतं असं कोणी म्हणू नये. मी त्यांचा चेहरा पाहिला आहे.

इस्पितळातून पुढचा दिवस मिळाला. सिलेंडरला उजवी मिळाली. मेस्त्रीनं दोन्ही चाकांतली सिलेंडरं नवी घातली, स्प्रिंगही बदलल्या, आणि शेडभोवती एक फेरी मारून तो जिंकल्यासारखा परत आला. आम्ही पिकप घेऊन निघालो, आणि कोरगावच्या वळणाच्या आधीच तो वास आला.

चाकं निवल्यावर गाडी परत शेडमध्ये आणली, आणि ह्या वेळी मेस्त्रीनं कोणाला काही विचारलं नाही. गाडी जॅकवर चढवली, मला पेडल दाबून सोडायला सांगितलं. चाक घट्ट. मग चाकामागचं लहानसं नळीतोंड त्यानं सैल केलं, तशी ब्रेक ऑईलची चिळकांडी उडाली आणि चाक एकदम गरगर फिरलं. "बघा, ऑईल जातंय पण माघारी येत न्हाई," तो म्हणाला. मधल्या रबरी नळीवर त्याचा संशय गेला. वरून चांगली दिसत होती. त्यानं ती काढली आणि सुरीनं आडवी कापली. आतलं रबर फुगून भोक जवळजवळ बुजलं होतं. पायाच्या जोरानं ऑईल पुढे रेटलं जात होतं, पाय काढल्यावर परतायला त्याला वाटच नव्हती.

मग त्यानं पुढचं झाकण उघडलं, जिथून ब्रेक ऑईल भरतात. तिथं दोन कप्पे होते. मागच्या चाकांच्या कप्प्यात त्यानं बोट बुडवलं, वास घेतला, पुन्हा घेतला. "ह्यात खोबरेल तेल कुणी वतलं ओ?"

घरमालक पुढे झाले. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. दर सोमवारी पूजा झाली की गुरव देवाच्या समईतलं थोडं तेल त्यांना प्रसाद म्हणून देई. ते तेल ते आधी स्वतःच्या डोक्याला लावत, काकीसाठी आणत, आणि उरलेलं गाडीला देत. थेंबभर इंजिनात, थेंबभर हाताशी येईल त्या झाकणात. त्याला सगळे ब्रेक ऑईल म्हणतात. तेलात तेल घातलं तर त्यात काय चुकलं?

"ते तेल न्हवं ओ!" मेस्त्री कपाळावर हात मारत म्हणाला. "ह्यानं रबर फुगतंय. नवं घातलेलं सिलेंडरचं रबर पण फुगलं असणार. तुम्हीच तुमच्या हातानं ब्रेक धरून ठेवलासा की!"

मी घरमालकांकडे पाहत होतो. ते ओशाळतील असं मला वाटलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू वेगळंच काहीतरी आलं. त्यांनी ती कापलेली नळी हातात घेतली, तिच्या आत बघितलं, आणि माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे देवानच चाकां धरलीं, मास्तर. तिका व्हरपाची न्हय."

तिला न्यायचंच नाही? मी ओरडलो. बाजारातले लोक वळून बघू लागले इतका ओरडलो. देवानं आधी ऑपरेशनाला होकार दिलाय त्याचं काय, गाठ वाढतेय त्याचं काय, रबर फुगलंय त्यात देवाचा काय संबंध, असं वाटेल ते बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "तुमचें खरें आसतलें," ते म्हणाले. "विचारचें पडटलें."

मेस्त्रीनं मात्र त्यांच्या विचारण्याची वाट पाहिली नाही. त्यानं सगळं जुनं ऑईल काढून टाकलं, नळ्या धुतल्या, रबरं बदलली, नवी नळी घातली आणि गाडी ठणठणीत करून दारात आणून सोडली. चार लोकांसमोर ब्रेक दाबून, सोडून, चाक बोटानं फिरवून दाखवलं. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाईंना न्या ओ लवकर."

ठरलेल्या दिवशी पहाटेच गादी घातली गेली. काकीला मी आणि घरमालकांनी उचलून मागे ठेवलं. तिचं वजन आता काहीच राहिलं नव्हतं. शेजारची एक बाई बरोबर बसली. आधी देवाकडे जायचं आणि उजवी पडली तर तसंच पुढे पणजीला, असं ठरलं होतं. डावी पडली तर काय, हे मी विचारलं नाही.

देवळात फक्त गुरव होता. पाकळ्या लागल्या. काकीला इस्पितळात न्यावं की नको, असं गाऱ्हाणं घातलं गेलं. "बा देवा म्हाराजा, तुज्या लेकरान घरकान्नीक इस्पितळांत व्हरची काय नाका, जो कितें आसा तो उलो दी." आम्ही बसलो. सूर्य वर आला, अंगणातल्या तुळशीवर ऊन आलं. एकही पाकळी हलली नाही. गुरवानं पुन्हा गाऱ्हाणं घातलं. घरमालक हात जोडून उभे, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. इस्पितळात वेळेवर पोहोचायचं तर तेव्हाच निघायला हवं होतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

तेवढ्यात मागे पावलं वाजली. काकी पिकपमधून एकटीच उतरून आली होती. शेजारीण मागून धावत होती. काकी खांबाला धरून उभी राहिली, धाप टाकत.

"आयकतात?" ती नवऱ्याला म्हणाली. "पुरो आतां. हांगा माका विचारात."

ते तिच्याकडे बघत राहिले. त्यांना खरोखरच कळेना काय करायचं ते.

"विचारात," ती म्हणाली. "देवासमोर विचारात."

"वचूंया?" जाऊ या का, एवढंच त्यांनी विचारलं.

"वचूंया. माका जगपाचें आसा."

त्यांनी देवाकडे पाहिलं, पाकळ्यांकडे पाहिलं आणि जोडलेले हात सोडले. कौल अर्धवट ठेवून निघालेलं मी त्यांना तेवढं एकदाच पाहिलं. काकीला त्यांनी दोन्ही हातांवर उचललं आणि पायऱ्या उतरले. त्या गडबडीत मी देवळातच राहिलो, ते कोणाच्या लक्षात आलं नाही. पिकप उताराला लागलेली मला दिसत होती. वळणावर ब्रेक लागले, सुटले, गाडी अलगद पुढे गेली.

मी वळलो. गुरव पाषाणासमोर तसाच बसला होता. आणि माझ्या डोळ्यांदेखत डावीकडची पाकळी सुटली आणि खाली पडली.

गुरवानं ती उचलली, मुठीत धरली. मग म्हणाला, "मास्तर, ही वाऱ्यान पडली. ही धरची न्हय."

"हो," मी म्हटलं. समईची ज्योत सरळ उभी होती.

काकीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी घरमालकांना एवढंच विचारलं की इतके दिवस कुठं होतात. ती तिथंच गेली, घरी परत आली नाही. गोवा राज्य झालं त्या दिवशी गावात फटाके वाजत होते, पण आमच्या ओसरीवर दिवा नव्हता. घरमालक माझ्यासमोर पाव ठेवत, चहा ठेवत, स्वतः उपाशी आहोत की जेवलो हे त्यांना आठवत नसे. देवळात कौल घ्यायला ते पुन्हा गेले नाहीत. सोमवारी पिकप दारातच उभी राही. त्यांनी छपरावरचा माड तोडून टाकला, गडी बोलावून, कोणालाही न विचारता, आणि पडलेल्या माडाकडे बघत दिवसभर अंगणात उभे राहिले. मला त्यांचं वाईट वाटत असे आणि त्यांचा रागही येत असे. दोन्ही अजून तसंच आहे.

माझी बदली डिचोलीला झाली. पुष्कळ वर्षांनी एका लग्नासाठी त्या बाजूला गेलो तेव्हा मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. खूप म्हातारे झाले होते. कदेलावर, त्या जुन्या लाकडी खुर्चीवर, बसून होते, मला आवाजावरून ओळखलं. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मला वाटलं होतं, आपण निघाल्यावर कोणती पाकळी पडली, हा प्रश्न ह्या माणसाच्या तोंडून एक दिवस येणारच. तेवढ्यासाठीच मी इतकी वर्षं इकडे यायचं टाळत होतो.

"मास्तर," ते म्हणाले, "त्या दिसा आमी तुमका देवळांतच सोडून गेल्यांव."

"हो."

"तुमी मागीर थंयच आशिल्ले."

"होतो थोडा वेळ."

त्यांनी मान वर केली. माझा चेहरा दिसत असेल का नसेल, कोण जाणे. ओठ उघडले, पुन्हा मिटले. हात मांडीवर एकमेकांत गुंतवले, सोडवले.

"डोंगर चलत देंवले आसतले," ते म्हणाले. "वत खूब लागलें?"

"ऊन नाही लागलं," मी म्हटलं. "सावली होती."